मदत हवी आहे: बायपास सर्जरीनंतर जेवलं की घाम, धडधड, जुलाब

शाळेची_घंटा:
नमस्कार मंडळी. वजनासाठी माझी गॅस्ट्रिक बायपास (रू-एन-वाय) झाली त्याला दीडएक वर्ष झालं. वय ४४, वजन ११२ वरून ७६ वर आलंय. गुडघे शांत आहेत, रात्री नाकाला लावायचं मशीन कपाटात गेलंय. त्यामुळे सर्जरी करायला हवी होती की नको, ही चर्चा कृपया इथे नको. प्रश्न पोटाचा आहे.

गोड किंवा मैद्याचं काही पोटात गेलं की पंधरा-वीस मिनिटांत पोटात मुरडा येतो, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो आणि संडासला पळावं लागतं. नंतर इतकी गळून जाते की आडवं व्हावंच लागतं. परवा शेजारी सत्यनारायणाचा प्रसाद घेतला, नाही कसं म्हणणार? शिरा जेमतेम दोन चमचे असेल. त्यांच्याच कॉटवर पडून राहायची वेळ आली.

दुसरा त्रास वेगळाच वाटतो. हा जेवणानंतर दोनेक तासांनी येतो, विशेषतः भात जास्त झाला तर. हात कापतात, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी आणि वखवखल्यासारखी भूक. एकदा पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना खडूच धरवेना. मुलींनी खुर्ची आणून दिली.

शिवाय पोळी अडकते. छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, ते सगळं ओकून टाकलं की मोकळं. गॅसबद्दल तर बोलायलाच नको, स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवलीय.

जिथे सर्जरी झाली तिथे विचारलं तर "होतं असं, गोड टाळा" एवढंच. पुढची तारीख लांबची आहे. घरचे म्हणतात, आता जन्मभर असंच. खरंच असंच का? कोणी यातून गेलंय का?

कोयनाकाठ:
ओवा-हिंग गरम पाण्यातून घ्या, रात्री त्रिफळा. आमच्या आईला गॅससाठी रामबाण.

अर्धी_पोळी:
आईंचं पोट जागेवर आहे ना दादा? यांच्या आतड्याची जोडणीच बदललीय. जुलाब होतात त्या बाईला त्रिफळा कशाला!

ताई, माझीही बायपासच, तुमच्यापेक्षा जुनी. तुम्ही सांगताय ते दोन वेगळे त्रास आहेत, दोघांनाही डम्पिंग म्हणतात. जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं खाली सोडते. बायपासमध्ये ती वाटेतून वगळली जाते. मग साखर एकदम लहान आतड्यात पडते, आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं, म्हणून मुरडा, धडधड, जुलाब. हा झाला लवकरचा. उशिराच्या प्रकारात साखर रक्तात भर्रकन चढते, त्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांत साखर खाली कोसळते. वर्गात झालं ते हेच असावं, पण अंदाजावर राहू नका. ग्लुकोमीटर पर्समध्ये ठेवा आणि त्या क्षणी बोट टोचून बघा. ७० च्या खाली आकडा आला तर तेव्हा साखर घ्यायचीच, तीन छोटे चमचे पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि सावरलं की लगेच दाणे, पनीर, अंडं असं काहीतरी. नुसत्या साखरेवर थांबलात तर तोच खेळ पुन्हा.

आणि सांगा, आधी डायबेटिस होता का? त्याची गोळी अजून चालू आहे?

जळजळे_गुरुजी:
माझी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून नळीसारखं अरुंद करतात ती. आमची झडप शाबूत असते, त्यामुळे डम्पिंग बेताचंच, पण ॲसिडिटीने जीव नकोसा केलाय. रात्रीचं जेवण सातला आणि पलंगाची उशाकडची बाजू विटांवर, एवढ्यावर निभावतोय.

वजनकाटा:
रोज चाललं असतं तर पोट कापायची वेळच आली नसती.

शाळेची_घंटा:
वजनकाटा, पहिला परिच्छेद वाचा.

अर्धी_पोळीताई, हो, डायबेटिस होता. सर्जरीनंतर गोळ्या बंद केल्या होत्या. मध्यंतरी इथल्या आमच्या डॉक्टरांनी एका रिपोर्टवरून ग्लिमेपिराइड सकाळी अर्धी परत सुरू केली. त्याचा संबंध असेल?

अर्धी_पोळी:
असू शकतो, आणि मोठा. ती गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. आधीच जास्त सुटतंय, त्यात ही भर. उद्याची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, बायपास झाल्याचं आणि अंधारी येते हे दोन्ही सांगा. साखरेचं पाणी पाजून करतात ती तपासणी लिहून दिली तर तेव्हाही बायपासची आठवण करा, त्याने आपल्याला जोरदार डम्पिंग होऊ शकतं.

आहारवाली:
मी आहारतज्ज्ञ आहे, पण इथे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच करा.

मोठ्या सुट्टीत तुम्ही डबा किती वेळात संपवता? माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिका आणि बँकवाल्यांचं उत्तर बहुतेक "सात-आठ मिनिटं" असतं. नवा पाऊच, म्हणजे सर्जरीत जठराचा केलेला कप्पा, लहान आणि त्याचं आतड्याकडचं तोंड अरुंद. मऊ पोळीचा तिथे गोळा होतो. गंमत म्हणजे भाकरी किंवा मुगाचं धिरडं अनेकांना सोसतं, कारण ते चावलं की सुटं होतं. चण्याएवढा घास, पेस्ट होईपर्यंत चावा. डबा दोन सुट्ट्यांत वाटून खा. आधी उसळ, अंडं, पनीर किंवा मासा, मग भाजी, भात शेवटी आणि दोन-तीन चमचे. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे सहसा उद्दिष्ट असतं, वरणाच्या पाण्यावर ते होत नाही.

गॅससाठी आधी प्रोटीन पावडरचा डबा वाचा. व्हे (दुधातलं प्रथिन) कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बरंच असतं, बायपासनंतर दूध न पचणारे खूप जण असतात. व्हे आयसोलेट वापरून बघा, त्यात लॅक्टोज अगदी कमी. दह्या-ताकाने बहुधा एवढा त्रास होत नाही. "शुगर फ्री" चॉकलेटं खात असाल तर तीही थांबवा, त्यातलं सॉर्बिटॉल, माल्टिटॉल गॅस आणि जुलाब दोन्ही करतं.

एक मात्र मनावर घ्या. अडकून ओकणं अधूनमधून ठीक, पण रोज होऊ लागलं तर वाट बघायची नाही. पाऊचचं तोंड आकसलेलं असू शकतं, ते एन्डोस्कोपीने रुंद करता येतं. आणि सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व संपलं तर नसा आणि मेंदूवर परिणाम होतो. पोटात अचानक जोराची कळ येऊन थांबेनाशी झाली तर कितीही वर्षं झालेली असोत, थेट इस्पितळ गाठा आणि बायपास झालीय हे पहिल्या वाक्यात सांगा. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. लोहाच्या गोळीने शौच काळपट होतंच, पण डांबरासारखं चिकट काळं झालं तर तो रक्तस्राव समजा. डोकेदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, पाऊच आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो.

शाळेची_घंटा:
अपडेट: डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड लगेच बंद केली, ग्लुकोमीटरच्या नोंदी वहीत लिहून आणायला सांगितल्या. भात शेवटी खायला लागल्यापासून वर्गातली थरथर पुन्हा आलेली नाही. एकदा मात्र आकडा ६२ दिसला, तेव्हा साखर-पाणी आणि मग मूठभर दाणे. पोळी अजून अडकतेच, एन्डोस्कोपीची तारीख घेतलीय. गॅस निम्मा झाला, डब्यावर खरंच कॉन्सन्ट्रेट लिहिलेलं होतं.

आता गणपतीत माहेरी जायचंय. आई उकडीचे मोदक करणार आणि मी खात नाही म्हटल्यावर रडणार. काय करू?

आहारवाली:
उपाशीपोटी पहिला घास मोदकाचा नको. आधी वाटाण्याची उसळ पोटभर, म्हणजे तुमच्या पोटभर. मग मोदकाचा एक छोटा घास, शक्यतो पारीचा, सारण कमी, आणि बसून. पुढचा अर्धा तास आरतीला उभं राहू नका.

अर्धी_पोळी:
आणि आईंना आधीच फोन करून सांगा. ताट वाढल्यावर सांगितलं की रडारड जास्त होते, अनुभव आहे.