मदत हवी आहे : प्रोस्टेट कॅन्सर, ऑपरेशन की रेडिएशन?

धागाकर्ता, सांगली
बाबा, वय ६९. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १३.६. एमआरआयमध्ये प्रोस्टेट ६२ सीसी, गाठ डाव्या बाजूला, कॅप्सूलच्या (प्रोस्टेटच्या आवरणाच्या) आतच. बायोप्सीच्या १२ पैकी ५ तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक याची श्रेणी) ४+३. शुगर गोळीवर आटोक्यात, हृदयाची तक्रार नाही. लघवीची धार बारीक, रात्री चारदा उठावं लागतं. त्यासाठी दोन वर्षं रोज एक गोळी चालू आहे. युरोसर्जन रोबोटिक ऑपरेशन सुचवतात. रेडिएशनचे डॉक्टर २० सिटिंग आणि सहा महिने हार्मोनचं (पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन म्हणतात. ठरवण्याआधी काय विचारावं?

निशिगंध
लघवीची गोळी नक्की कुठली? नुसती टॅम्सुलोसिन (लघवीची वाट सैल करणारी) की सोबत ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट लहान करणारी)? स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत असतं.

धागाकर्ता
टॅम्सुलोसिन ०.४ आणि ड्युटास्टेराइड ०.५.

निशिगंध
मग १३.६ वर विसंबू नका. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे बाबांचा २७ च्या आसपास धरायला हवा, आणि २० च्या वर आजार मध्यम नव्हे, उच्च जोखमीत मोजतात. लॅबला गोळीचं माहीत नसतं, त्यामुळे रिपोर्टवर इशारा येत नाही. दोन्ही डॉक्टरांना स्ट्रिपच दाखवा.

याने बरंच बदलतं. एक, पीएसएमए पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठे पसरलाय का हे दाखवणारा) झाला नसेल तर उपचाराआधी व्हायला हवा. लिम्फ ग्रंथी किंवा हाडांत काही असेल तर सगळा बेत वेगळा. दोन, उच्च जोखमीत रेडिएशनसोबतचं हार्मोन सहा महिन्यांवर भागत नाही, दीड ते तीन वर्षं देतात. तीन, ऑपरेशन केलं तर ओटीपोटातल्या ग्रंथीही काढाव्या लागतात आणि पुढे रेडिएशन लागण्याची शक्यता बरीच असते. रोबोटने ती कमी होत नाही.

कृष्णाकाठ
वरच्या प्रतिसादाला +१. ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीत १५ वर्षांनंतर ऑपरेशन, रेडिएशन आणि उपचाराविना नुसती देखरेख या तिन्ही गटांत या कॅन्सरने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपास होते. पण त्यातले बहुतेक रुग्ण यापेक्षा सौम्य आजाराचे होते. कुणी तो आकडा दाखवून 'थांबू या' म्हणालं तर तो इथे लागू नाही.

माझ्या मते इथे लघवीची तक्रार निर्णायक आहे. अडथळा असताना रेडिएशन दिलं तर सूज येऊन लघवी अडकू शकते, कॅथेटर घालावा लागतो. त्यामुळे युरोफ्लो (लघवीच्या धारेचा वेग मोजणं) आणि लघवीनंतर किती उरते याची सोनोग्राफी आधी करा. रेडिएशनच ठरलं तर दोन-तीन महिने आधी हार्मोन सुरू करून प्रोस्टेट लहान होऊ देतात. ऑपरेशनने अडथळाच निघतो, मात्र कॅथेटर आठ-दहा दिवस राहतो, मग काही महिने पॅड लागतात. केगेल व्यायाम (लघवी रोखणारे स्नायू आवळण्याचा) ऑपरेशनच्या आधीच शिकवा. लैंगिक क्षमतेवर दोन्हीचा परिणाम होतो. ऑपरेशननंतर लगेच, रेडिएशननंतर हळूहळू. हा विषय मुलाने नव्हे, बाबांनी स्वतः डॉक्टरांशी एकट्यात बोलावा.

हार्मोनमुळे हाडं झिजतात, शुगर चढते. सुरू करण्याआधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

धागाकर्ता
रेडिएशनला रोज काय तयारी असते? आणि खर्च?

निशिगंध
मूत्राशय भरलेलं, गुदाशय रिकामं. साधारणपणे लघवी करून ४००-५०० मिली पाणी पितात आणि अर्धा-पाऊण तास थांबतात. तुमच्या सेंटरचं माप विचारा आणि रोज तेच ठेवा. मूत्राशय रिकामं राहिलं तर आतडं खाली उतरून किरणांच्या वाटेत येतं. गुदाशयात गॅस असला तर प्रोस्टेट पुढे ढकलली जाते, मग टेबलावरून उठवून परत बसवतात. त्या आठवड्यांत राजमा, छोले, कोबी टाळा. बाबांना अडथळा असल्याने पाणी रोखून धरणं जमतं का, हे प्लॅनिंग सीटीच्या (रेडिएशनची आखणी करण्याच्या स्कॅनच्या) दिवशीच सांगा.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट दाखवा. रोबोटचा खर्च त्यात बसतो का, हे भरती होण्याआधी विचारा.

कृष्णाकाठ
दुसरं मत घेणार असाल तर नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागून घ्या, एमआरआयची सीडीही. ग्लीसन ४+३ की ४+४ हे वाचणाऱ्यावरही अवलंबून असतं.