प्लग-इन हायब्रिड सामान्य माणसाला का मिळू नये? आणि तोवर हायब्रिड घ्यावी की पूर्ण इलेक्ट्रिक?

सह्यकडा
मंडळी, जुनी डिझेल गाडी काढतोय. रोजचं कोथरूड ते खराडी, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, सगळं गर्दीतून. शिवाय गणपती, शिमगा आणि मे महिन्यात सावंतवाडी, कोल्हापूर-आजरा-आंबोलीमार्गे साधारण पावणेचारशे किलोमीटर. घरात गाडी एकच राहणार. बजेट वीस लाख.

माझ्या मते या वापराला प्लग-इन हायब्रिडच योग्य, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि वायर लावून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी. १५ ते १८ युनिटची बॅटरी, रोजचं ऑफिस विजेवर, गावाला निघालं की पेट्रोल. पण आपल्याकडे ती हवी असेल तर बीएमडब्ल्यू नाहीतर रेंज रोव्हरच्या शोरूमची पायरी चढावी लागते. कारण कर. इलेक्ट्रिक गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्के. हायब्रिड चार मीटरपेक्षा लांब असली की ४० टक्के, सप्टेंबर २०२५ पर्यंत तर सेससकट ४३. ती वायर लावून चार्ज होते की नाही, याच्याशी कर लावणाऱ्याला देणंघेणं नाही. मूळ किंमत १५ लाख धरली तर एकीवर ७५ हजार कर, दुसरीवर ६ लाख. चीनने प्लग-इनला इलेक्ट्रिकच्याच पंगतीत बसवलं. २०२४ मध्ये तिथल्या या पंगतीतल्या, निर्यात धरून, सुमारे १ कोटी २८ लाख गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या ५१ लाखांच्या आसपास प्लग-इन होत्या.

पटत नसेल तर भांडा.

ओहमचा_नियम
भांडतो. प्लग-इन कागदावर फार गोड दिसते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधनमापकांची माहिती जाहीर केली. प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. लोक प्लग लावतच नाहीत! मग इंजिन जड बॅटरी ओढत फिरतं. सवलत द्यायची ती वापराला, की नुसत्या सॉकेटला?

आणि समजा तुम्ही इमानेइतबारे रोज चार्ज केलीत, तर टाकीतलं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहणार. इथेनॉल हवेतली ओल खेचतं. ऑइल, प्लग, फिल्टर चुकत नाहीतच, वर मोटर आणि बॅटरी. दोन संसारांचा खर्च.

सह्यकडा
युरोपातल्या त्या गाड्यांपैकी कितीतरी कंपनीच्या नावावर, पेट्रोलचं बिल कंपनी भरते. तिथे कोण कशाला वायर ओढेल? इथे १०४ रुपये लिटर स्वतःच्या खिशातून जातात. पुणेकर प्लग लावायला विसरेल असं तुम्हाला खरंच वाटतं?

बिनआवाजी
मी पूर्ण इलेक्ट्रिकवाला. साधा हिशोब घ्या. ४५ युनिटच्या बॅटरीची गाडी शहरात युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. घरचा दर १२ रुपये धरला तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर २२ रुपये मोजले तर साडेतीनच्या आसपास. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे प्लग नसलेली, चालता चालताच बॅटरी भरणारी गाडी, २२ चं ॲव्हरेज देत असेल तर पावणेपाच. शिवाय एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ. एक्स्प्रेसवेवर एका फेरीचे ३२० रुपये वाचतात.

सावंतवाडीला जाताना कोल्हापुरात थांबा, मिसळ खा. तुमचं आटपेपर्यंत गाडीचंही आटपतं.

तळकोकणी
पुण्यातून सावंतवाडीला जाताना यातला एकही टोलमाफीचा रस्ता लागत नाही, हे आधी सांगून टाकतो.

कोल्हापूरपर्यंत अडचण नाही, मान्य. आंबोली उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परतही मिळते. खरी गंमत घरी पोचल्यावर. जुन्या कौलारू घरातलं वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही. आणि अर्थिंग बरोबर नसेल तर पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. ते दुरुस्त केलंत तरी १५ अँपिअरच्या प्लगवर ४५ युनिट भरायला चौदा-पंधरा तास, तेही लाइट टिकली तर. भाद्रपदातल्या पावसात ती टिकते का, हे गावाकडच्या माणसाला विचारा. परतीला आंबोलीचा चढ आहेच, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाटेतल्या चार्जरवर आपल्यासारखेच सगळे.

गुपचूप स्ट्राँग हायब्रिड घ्या. पाच मिनिटांत टाकी फुल.

चाकणचा_सुपरवायझर
तळकोकणींना अनुमोदन. ॲराईच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत टोयोटाच्या हायरायडर हायब्रिडचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची, पण कर्वे रोडच्या रांगेत इंजिन बराच वेळ बंदच. मोकळ्या हायवेवर हा फायदा कमी होतो, हेही सांगतो.

आणि ते ‘प्रदूषणमुक्त’ प्रकरण जरा आवरा. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण मागे चंद्रपूर आणि कोराडीचा कोळसा जळतो. चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.१५ युनिट, म्हणजे शंभरेक ग्रॅम. पेट्रोलचा लिटर जाळला की २.३ किलो, भागिले २२, तेही शंभरेक ग्रॅम. बरोबरी!

बिनआवाजी
अर्धाच हिशोब. कोळशाचा धूर वीजकेंद्रापासून मोजलात, पेट्रोलचा मात्र गाडीच्या नळीपासून. तेल उपसणं, जहाजाने आणणं, रिफायनरी, टँकर हे सगळं कुठे गेलं? आणि कर्वे रोडवर उभ्या माणसाच्या नाकात जाणारा धूर? माझी गाडी जुनी होईल तसं ग्रिडमध्ये सौर आणि पवन वाढत जाईल. तुमचं इंजिन आज जेवढं पितं तेवढंच दहा वर्षांनी पिणार, झालं तर जास्तच.

बी_विंग_सेक्रेटरी
सगळे ‘रात्री घरी चार्ज करू’ एवढं गृहीत धरून भांडताहेत. सोसायटीची चिटणीस म्हणून विचारते, नक्की कुठे? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, ते ठीक. पण मीटर रूम एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला. मध्ये केबल कोणाच्या गाडीवरून जाणार यावर आमची सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत चालली. वाढीव लोड वेगळाच. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी छतावर सौर पॅनेल लावले तर सूर्यघर योजनेत किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे, त्यात गाड्यांचं चार्जिंगही धरतात. पण गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांचा विरोध अनुदानाने मावळत नाही.

सह्यकडा, तुमचं पार्किंग कसलं आहे?

सह्यकडा
स्टॅक. वरचा मजला.

ओहमचा_नियम
खालीवर हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर! म्हणजे उद्या सरकारने प्लग-इनवर ५ टक्के कर केला तरी तुम्हाला प्लग नाहीच. त्या साडेतीन पटवाल्यांत तुम्हीही जमा.

सह्यकडा
घाई नको. ऑफिसच्या तळघरात ७.४ किलोवॉटचे चार्जर आहेत. १५ युनिटची बॅटरी दोन-अडीच तासांत भरते, मग गाडी काढून जागा दुसऱ्याला. मत कायम.

बिनआवाजी
त्याच चार्जरवर ४५ युनिटही ऑफिसच्या वेळेत भरतात की. आणि तुम्हाला आठवड्यातून एकदाच पुरेल.

तळकोकणी
आणि आंबोलीच्या खाली?