रोटाव्हेटरचे गंजलेले बोल्ट निघत नाहीत, मदत हवी आहे

पौडरोडकर
मुळशीजवळच्या जमिनीवर मिनी ट्रॅक्टर आहे. त्याच्या रोटाव्हेटरचे बोल्ट गंजून जाम झालेत. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. रिंग पान्याला पाईप लावून जोर दिला, तर एकाचं डोकं गोल झालं. पाऊस तोंडावर आलाय. खात्रीचा उपाय सांगा, प्लीज लवकर.

नारायणगावकर
पात्यांचे बोल्ट सोडवत बसूच नका. ग्राइंडरने डोकी उडवा, पुण्यातल्या बोहरी आळीतून नवे आणा. डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा छाप बघूनच घ्या. आमच्या द्राक्षबागेत दर हंगामाला हेच करतो.

जुना_फिटर
पात्यांचे आहेत असं त्यांनी कुठे म्हटलंय? पौडरोडकर, बोल्ट नेमके कुठले? कितीचा पाना बसतो? पलीकडून नट आहे की बोल्ट थेट बॉडीत गेलाय?

पौडरोडकर
पात्यांचे नाहीत हो! बाजूच्या चेन केसच्या झाकणाचे. आत बेअरिंग वाजतंय. सतराचा पाना बसतो. नट नाही, बिडाच्या बॉडीतच आटे आहेत.

नारायणगावकर
मग अ‍ॅसिटोन आणि गिअरचं पातळ ऑइल निम्मं-निम्मं करून थेंब थेंब सोडा. माझा अनुभव आहे, दोन दिवसांत सुटतात.

जुना_फिटर
गिअर ऑइल नव्हे, ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं. आणि अ‍ॅसिटोन भडकन पेटतं. ते लावून कुणी वर गॅस धरला तर हात भाजतील. एका वेळी एकच उपाय करा.

सतराचा पाना म्हणजे बहुतेक एम १०, म्हणजे १० मिमी जाडीचा बोल्ट. पाईप लावून आणखी ताणू नका, तुटेल. आधी केसमधलं ऑइल काढा. मग बोल्ट नाही, त्याच्या भोवतीचं बीड गॅसने तापवा. बीड फुगलं की गंजाची पकड सुटते. ज्योत सावकाश फिरवा आणि वर पाणी अजिबात टाकू नका, बीड तडकतं. थोडं निवलं की मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत उतरतं. सहा कोनांचा सॉकेट लावून आधी किंचित आवळा, मग सोडा, परत आवळा. करकर आवाज आला की समजा हलला. तापवल्याने जवळचा ऑइल सील जाऊ शकतो, पण बेअरिंग बदलताय तर तोही नवाच टाका.

गोल झालेल्या डोक्यावर मोठा नट ठेवून वेल्डरकडून आतून टाके मारून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होतं.

कात्रजची_माधुरी
वेल्डिंगआधी रोटाव्हेटर ट्रॅक्टरपासून सोडवा, निदान बॅटरीची निगेटिव्ह तरी काढा. अर्थिंगचा चिमटा त्याच बोल्टच्या शेजारी लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर चांगलं बेअरिंगही खराब होतं.

बागायतदार२
दोन एकरांसाठी मिनी ट्रॅक्टर परवडतो का? पॉवर टिलर बरा, की रोटाव्हेटर भाड्याने आणावा?

नारायणगावकर
बागेत घ्यायचा तर आधी ओळींमधलं अंतर मोजा. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

पौडरोडकर
वेल्डर घेऊन आलो. गोल झालेला निघाला, बाकीचेही निघाले. एक मात्र बॉडीच्या पातळीलाच तुटला. ईझी आऊट (तुटलेला बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) वापरू का?

जुना_फिटर
नको. ते फार कडक असतं. आत तुटलं तर साध्या ड्रिलने कापलं जाणार नाही. तुटलेलं टोक कानशीने सपाट करा, अगदी मधोमध पंच मारा. बारीक ड्रिलपासून सुरू करून ८.५ मिमीपर्यंत या, मग एम १० चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल सोडत राहा. आटे गेलेच तर १०.२ चं ड्रिल आणि एम १२ चा टॅप, पण आधी भोकाभोवती बीड पुरेसं आहे ना ते बघा. झाकणाचं ते भोकही मोठं करावं लागेल.

कात्रजची_माधुरी
बसवताना आट्यांना तांब्याची अँटीसीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट लावा. पेस्ट असली की बोल्ट कमी जोरात आवळला जातो, तेव्हा नेहमीइतकं ताणू नका.

पौडरोडकर
हा टॅप सुटा मिळतो का, की पूर्ण सेट घ्यावा लागेल? आजच निघतोय.

नारायणगावकर
सुटा मिळतो. बोहरी आळीत रविवारी बरीच दुकानं बंद असतात, फोन करून जा.