७ वर्षांचा रॉटवायलर दत्तक घ्यावा का? घरात सासूबाई आहेत, प्लीज अनुभव सांगा

अंगणवेल:
नमस्कार मंडळी, धायरीला रो हाऊस आहे आमचं, मी, नवरा आणि सासूबाई (७१). एका शेल्टरमधला रॉटवायलर फार मनात भरलाय, अंदाजे ७ वर्षांचा, फार्महाऊसवर कायम साखळीला बांधलेला असायचा, मालकाने जागा विकली आणि ह्याला तिथेच टाकून गेला. बरगड्या दिसतात, कोपरांवर घट्टे पडलेत. माणसांवर धावून जात नाही, पण कमरेला हात लावला की गुरगुरतो. आधी लॅब होता आमच्याकडे, राखणीचा कुत्रा पहिल्यांदाच. नातेवाईक म्हणतात म्हातारा कुत्रा काय सुधारणार, शिवाय ह्या जातीवर बंदी आहे ना?

मुळशीकर:
बंदीचं डोक्यातून काढून टाका. मार्च २०२४ मध्ये केंद्राचं २३ जातींबद्दल पत्र आलं होतं, त्यात रॉटवायलर होता, पण एप्रिलमध्येच कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं आणि दिल्ली हायकोर्टानेही. महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजची लस मात्र हवीच. आणि कुत्रा असा वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्या नातेवाईकांनाही सांगा.

पशुवैद्य_सातारा:
कमरेला हात लावल्यावर गुरगुरतो म्हणजे आधी दुखणं शोधा, स्वभावाचं नंतर बघू. ह्या जातीत खुब्याचे आणि कोपराचे सांधे लवकर जातात, त्यात वर्षानुवर्षं साखळीला म्हणजे मागच्या पायांत ताकद राहत नाही. खुबे, कोपर, मणका ह्यांचे एक्सरे काढा (थोडी भूल देऊनच काढतात, घाबरू नका), सोबत रक्त, किडनी, लिव्हर आणि गोचीड तापाच्या तपासण्या. दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम कृपा करून देऊ नका, पोटात अल्सर होतो, किडनी जाते. वजन हळूहळू वाढू द्या, दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागून, आणि खाल्ल्यावर तासभर तरी पळवू नका. पोट फुगलंय, ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही पडत नाही असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा, जठराला पीळ पडलेला असू शकतो.
आणि गुरगुरण्याबद्दल ओरडू नका हो. तो सांगतोय तुम्हाला. ते बंद पाडलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

सह्यवारा:
आमच्याकडे असाच सोडून दिलेला मोठा मॅस्टिफ होता, आला तेव्हा ८ वर्षांचा. पहिल्या दिवशी दारातच उभा राहिला, आत येईचना, आम्हाला वाटलं घाबरलाय, मग लक्षात आलं की गुळगुळीत टाईल्सवर मागचे पाय सरकतायत. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट टाकल्या तेव्हा कुठे एकेक पाऊल टाकत आत आला. सुरुवातीचे तीन-चार आठवडे पाहुणे बोलवूच नका, नातेवाईकांना तर अजिबात नाही. बेल वाजली की त्याला आतल्या खोलीत काहीतरी चघळायला द्यायचं, मग दार उघडायचं, राखण त्याच्या रक्तातच आहे, ती घालवता येत नाही, फक्त दार आपण सांभाळतो हे त्याला कळलं पाहिजे. जाळीच्या मझलची (चावू नये म्हणून तोंडावर चढवतात ती) सवय घरीच लावा, आत दही चोपडायचं आणि स्वतःहून तोंड घालू द्यायचं, म्हणजे डॉक्टरकडे झटापट होत नाही.
सासूबाईंचं स्पष्ट बोलते, राग मानू नका. रॉटवायलरना माणसाला टेकून उभं राहायची सवय असते, प्रेमानेच टेकतात पण एवढं वजन अंगावर आलं तर त्या पडतील. त्यांच्या खोलीला कमरेएवढं गेट करून घ्या आणि आधी महिनाभर फॉस्टर (दत्तक न घेता तात्पुरता सांभाळायला) मागा, चांगलं शेल्टर नाही म्हणत नाही.

अंगणवेल:
खूप खूप आभार सगळ्यांचे! दुखत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. शेल्टरशी बोलले, फॉस्टरला हो म्हणाले, शनिवारी एक्सरेला नेतोय. गेटला सासूबाई तयार आहेत, फक्त त्याला दूधभाकरी देऊ का विचारतायत.

पशुवैद्य_सातारा:
भाकरी चालेल, दूध नको, सोबत उकडलेलं चिकन किंवा अंडं द्या. वाडगा त्यांनी हातात धरून उभं राहायचं नाही, गेटच्या आतून खाली ठेवायचा. एक्सरेचा रिपोर्ट इथे टाका, बघतो.