मदत हवी आहे: ऊस वाढला की फोनची लिंक पडते
पंढरपूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून ५.८ गिगाहर्ट्‌झची बिनतारी लिंक टाकून वायफायवर फोन चालवलेत. अंतर ९ किमी, दोन्हीकडे २३ डीबीआयच्या (डिश सिग्नल एका दिशेला किती एकवटते त्याचं माप) डिश, रेडिओ १३ डीबीएमवर (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप; वाढवला तर डिश धरून ३६ डीबीएमची कायदेशीर मर्यादा ओलांडते). हिशेबाने पलीकडे सिग्नल उणे ६८ डीबीएम यायला हवा. तोड झाली की येतोही. ऊस डोक्यावर गेला की उणे ७९, म्हणजे बराच कमजोर, आणि आवाज तुटतो. कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) बदलून फरक नाही.

मध्यावर फ्रेनेल पट्ट्याची (दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणारी मोकळी जागा) त्रिज्या जवळपास ११ मीटर. तिचे निदान ६० टक्के मोकळे हवेत, म्हणजे साडेसहा, पृथ्वीचा फुगवटा सव्वा, ऊस तीन, झाले पावणेअकरा. खांब ९ मीटरचेच!

१२ मीटरचा जीआय पाइप, तीन बाजूंनी ताण दिले तर वळवाच्या वाऱ्यात टिकेल? की मधल्या पाण्याच्या टाकीवर रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा) बरा? तिथे वीज नाही. दोन रेडिओ मिळून १६ वॅट, दिवसाला ३८४ वॅट-तास. तीन ढगाळ दिवस धरून पॅनल-बॅटरी किती घ्यावी?