मदत हवी आहे: शहराचा पाणीकोटा, मुठेचा प्रवाह आणि आमचं आवर्तन, हा हिशेब मांडायचा कसा?

शेपटाकडचा

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतात म्हणून सगळंच लिहितो.

आमची शेती दौंड तालुक्यात. एक तुकडा नव्या मुठा उजव्या कालव्यावर, चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, अगदी शेवटाला. दुसरा मुळा-मुठेच्या काठाला. मी नोकरीपायी पुण्यात, महापालिकेत अलीकडे आलेल्या एका गावात फ्लॅट घेऊन राहतो. त्यामुळे वडील आवर्तन (शेतीसाठी कालव्याला पाळीने सुटणारं पाणी) कधी सुटणार म्हणून पाटकऱ्याला फोन लावत असतात, त्याच वेळी मी टँकरवाल्याला लावत असतो. गावाकडे गेलं की 'पुणेकरांनी पाणी पळवलं', आणि सोसायटीच्या मीटिंगला बसलं की 'धरण उशाला, कोरड घशाला'. दोन्हीकडे मी मान डोलावतो.

आता शहराला जादा पाणी हवंय, आणि आमच्या पाणी वापर संस्थेने लेखी हरकत द्यायचं ठरवलंय. 'तू कॉम्प्युटरवाला' म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात. पंधरा दिवस आहेत.

माझ्याकडे जमलेली माहिती अशी. धरणांचे साठे: खडकवासला १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, चारही मिळून २९.१५. यातून शहराला वर्षाला ११.५ टीएमसी आणि त्या बदल्यात शहराने ६.५ टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यायचं, असं पूर्वीच्या करारात होतं. ते पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पंपांच्या विहिरीतून) उचलून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे आमच्या भाषेत बेबी कालव्यात, सोडतात. २०२१ पासून भामा आसखेडचं पाणीही शहराच्या पूर्व भागाला मिळतंय.

अडलोय तीन ठिकाणी.

एक, कागदावर कुठे टीएमसी, कुठे एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), आणि पाटकरी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) बोलतो. एकाच मापात आणायचं कसं?

दोन, शहराने किती उचलायचं ही मर्यादा नेमकं कोण ठरवतं आणि कशावरून?

तीन, आणि हे मला खरंच कळत नाही, नदीचा स्वतःचा काही वाटा असतो का? आमच्या खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खांबावर वडिलांनी ऑइलपेंटने पांढरा पट्टा मारलाय. पाणी पट्ट्याला टेकलेलं असलं की आमचा फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाइपचं खालचं तोंड) बुडालेला असतो. ते सांगतात, त्यांच्या लहानपणी मे महिन्यात लोक नदीच्या वाळूत झिरे खणून प्यायला पाणी काढायचे. आता मे महिन्यातही पाणी पट्ट्याला असतं, फक्त काळं. मोटार सुरू करण्याआधी जाळीतली जलपर्णी हाताने उपसावी लागते आणि तो हात दोनदा साबणाने धुतला तरी जेवताना वास येतो. मग नदीला पाणी कमी झालंय असं हरकतीत लिहू की वाढलंय असं?

राजकारणावर चर्चा नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

हिशेबनीस

पहिल्याचं उत्तर सोपं. वहीच्या मागच्या पानावर एवढं लिहून ठेवा:

वर्षाला १ टीएमसी म्हणजे रोज ७७.६ एमएलडी. म्हणून ११.५ टीएमसी म्हणजे रोज सुमारे ८९२ एमएलडी, आणि परतीचे ६.५ टीएमसी म्हणजे रोज ५०४.
१ क्युसेक म्हणजे २.४५ एमएलडी.
कालवा १००० क्युसेकने चालला तर १ टीएमसी संपायला साडेअकरा दिवस लागतात.

आता खरी मेख. समजा शहर ५० लाखांचं धरलं. माणशी १५० लिटरने ७५० एमएलडी, १३५ लिटरने ६७५. पंधरा लिटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण फरक ७५ एमएलडीचा, वर्षाला जवळजवळ १ टीएमसी. तुमचं हजार क्युसेकचं अकरा दिवसांचं आवर्तन त्या पंधरा लिटरांत बसतं.

आणि गळती. घरात ७५० पोचवायचे आणि वाटेत १५ टक्के गळणार असं धरलं तर धरणातून ८८२ उचलावे लागतात, म्हणजे ११.४ टीएमसी. गळती ३५ टक्के धरा, तेच लोक, तेवढंच पाणी नळाला, पण उचल ११५४ एमएलडी, म्हणजे १४.९ टीएमसी. साडेतीन टीएमसी वाढले! टेमघर पूर्ण भरलं तर ३.७१. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, पुण्याची गळती म्हणून हरकतीत छापू नका. पण प्रश्न हाच विचारा: लोकसंख्या कोणती, माणशी लिटर किती, गळती किती. मागणीचा फुगा या तीनपैकी कुठल्यातरी एकात असतो.

मुठाई

वडिलांचा पांढरा पट्टा हे या धाग्यातलं सर्वात विश्वासू मोजमाप. फोटो टाका ना.

जुना पाटबंधारेवाला

एकतीस वर्षं कालव्यावर काढली, म्हणून थोडं सविस्तर. आधी दुसरा प्रश्न.

मर्यादा एका ठिकाणी ठरत नाही, म्हणून गोंधळ होतो. शहराचा हक्क किती, हे २००५ च्या कायद्याने आलेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या चौकटीत बसतं. प्रत्यक्ष पाणी मिळतं ते जलसंपदा विभागाशी केलेल्या करारावर. आणि या वर्षी कुणाला किती, हे १५ ऑक्टोबरचा साठा बघून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. प्राधान्यक्रम पिणं, मग शेती, मग उद्योग. २०११ पूर्वी उद्योग शेतीच्या आधी होता, तो बदलला. त्यामुळे 'आधी शेती, मग शहर' अशी मागणी लिहू नका, पहिल्या फेरीतच बाद होईल.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे शहराचा कोटा हा वाहत्या नदीवरचा नसतो, साठ्यावरचा असतो. हिमालयातली नदी उन्हाळ्यात बर्फावर चालते. आपली मुठा काळ्या खडकातली, पाऊस थांबला की महिना-दीड महिन्यात तिचा दम संपतो. खडकवासला स्वतः दोन टीएमसीचंही नाही, वरची तीन भरली की जुलै-ऑगस्टमध्ये दारं उचलावीच लागतात. विसर्ग चालू असताना शहराने शंभर एमएलडी जास्त उचलले तर तुमच्या आवर्तनाला ढिम्म फरक पडत नाही. तेच शंभर मार्चमध्ये उचलले तर थेट उन्हाळी पाळीतून जातात. म्हणून वर्षाच्या ११.५ वर भांडू नका. १५ ऑक्टोबर ते ३० जून या काळात महिनावार किती उचलणार, ते मागा. आमच्या वेळी ही मागणी कुणी केली नाही, केली असती तर आमची पंचाईत झाली असती.

तिसरा प्रश्न, नदीचा वाटा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की नद्यांत उन्हाळी सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी वाहतं ठेवा. ऐकायला छान. पण तुमचे वडील काय म्हणाले? मे महिन्यात वाळूत झिरे खणायचे. म्हणजे मुळात उन्हाळी प्रवाह शून्याच्या आसपास, त्याचे २० टक्के काढून हातात काय येणार? गंगेसाठी २०१८ मध्ये केंद्राने महिन्यांप्रमाणे वेगवेगळे टक्के ठरवून अधिसूचना काढली, तसं मुठेचं काही नाही. तुमच्या बंधाऱ्याला जे टेकतंय ते नदीचं पाणी नाही, शहराचं परत आलेलं पाणी आहे. हरकतीत 'नदीला पाणी कमी झालं' असं लिहिलंत तर समोरचा तुमच्याच बंधाऱ्याचा फोटो दाखवेल.

आणि एक जुना कागद. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या निवाड्यात शहरांच्या पाण्याचा हिशेब कसा आहे माहीत आहे? जेवढं उचललं त्याच्या फक्त २० टक्के 'वापर' धरायचा. उद्योगाचा तर अडीच टक्के. ११.५ टीएमसी उचलले, तर कृष्णा खोऱ्यातल्या राज्याच्या वाट्यातून २.३ च वजा. कारण बाकीचं परत नदीला येतं असं गृहीत धरलंय. १९७६ चं गृहीतक! येतं हे खरं. कसलं येतं, ते तुमच्या हाताच्या वासावरून कळतंय. या कलमाने तुम्हाला पाण्याचा हक्क मिळत नाही, तो राज्याराज्यांमधला हिशेब आहे. पण युक्तिवादाची दिशा मिळते.

शेपटाकडचा

काका, २० टक्क्यांचं वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. म्हणजे आम्ही 'किती नेलं' यावर दोन पानं लिहिली होती, आणि लिहायला हवं होतं 'परत काय दिलं' यावर. ६.५ टीएमसी परत मिळतंय का, हे मोजतं कोण?

(पट्ट्याचा फोटो रविवारी गेल्यावर टाकतो.)

औजकाठचा

सोलापूरहून बोलतोय. दौंडकरांनो, जरा थांबा. तुम्ही 'परत आलेलं पाणी आमच्या कालव्यात टाका' म्हणताय, पण ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात येतं. मुंढव्याला साडेसहा टीएमसी उचलून बेबी कालव्यात घातले की तेवढे उजनीत कमी. आमच्या शहराला वर्षानुवर्षं उजनीतून नदीत पाणी सोडून ते औज बंधाऱ्यात अडवून प्यायला मिळालं. एवढ्या लांब कोरड्या पात्रातून पाणी आणायचं तर सोडतात किती आणि पोचतं किती ते विचारू नका, म्हणून तर ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी घातली. एकच पाणी तिघांच्या हिशेबात जमा दिसतंय. तुमची हरकत बरोबर आहे, फक्त ती लिहिताना खाली पण माणसं राहतात हे लक्षात असू द्या.

जुना पाटबंधारेवाला

सोलापूरकरांचा मुद्दा शंभर नंबरी. मात्र बेबी कालव्याचं पाणी पिकाला जातं आणि त्याचा काही भाग पाझरून परत नदीला लागतो, सगळंच हरवत नाही. किती लागतो, यावर मी पैज लावणार नाही.

टँकरग्रस्त

मी धागाकर्त्यासारखाच, हद्दीत आलेल्या गावातला. आमच्या सोसायटीत दहा हजार लिटरचे टँकर येतात. एकदा मी टँकरच्या मागे स्कूटर घातली. तो कालव्यालगतच्या एका विहिरीवर भरत होता. ती विहीर भरते कशाने? कालव्याच्या पाझराने. म्हणजे शेतीच्या खात्यातलं पाणी आमच्या टाकीत येतं, आणि शहराच्या खात्यात त्याची नोंदच नाही. आम्हाला नळाने पाणी दिलं तर कोट्याचा आकडा वाढलेला दिसेल, पण सगळंच पाणी नव्याने उचललेलं नसेल. हरकतीत 'नव्या गावांना पाणी देऊ नका' असा सूर कृपया नको. आणि हो, दर विचारू नका, रक्तदाब वाढतो.

शेपटाकडचा

नाही नाही, तसं लिहिलं तर मी स्वतःच्याच टाकीवर हरकत घेतल्यासारखं होईल.

सगळ्यांचं वाचून मुद्दे असे धरलेत. लोकसंख्या, माणशी लिटर आणि गळती हे तीन आकडे उघड करा. १५ ऑक्टोबरनंतरची उचल महिनावार बांधून द्या. परतीचं पाणी मीटरने मोजा आणि त्याच्या गुणवत्तेचा अहवाल संस्थेला द्या. ते कुठे सोडणार ते उजनीचा हिशेब धरून सांगा. एवढ्याने भागेल ना?

पण हे सगळं मागायला हातात आकडे हवेत. संबंधित कार्यालयात दोन चकरा मारल्या, 'साहेब फिल्डवर'. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय: खडकवासल्यातून शहराची पाच वर्षांची रोजची उचल, मुंढव्याच्या जॅकवेलचे पंप किती तास चालले, पाण्याच्या तपासणीचे अहवाल, कालवा समितीची इतिवृत्तं. चार पानं झाली. चालेल?

हिशेबनीस

चार पानं परत येतील. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तोडा. धरणातली उचल आणि समितीची इतिवृत्तं यासाठी जलसंपदाकडे दोन अर्ज, जॅकवेल आणि तपासणी अहवाल यासाठी महापालिकेकडे दोन. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आणि 'रोजची उचल' एवढंच लिहू नका, 'मीटरच्या नोंदवहीच्या पानांच्या प्रती' असं लिहा. नाहीतर सरासरी काढून एका ओळीत उत्तर देतील.

जुना पाटबंधारेवाला

आणि नोंदवही बघायला मिळाली तर मीटर बंद असलेल्या दिवशी काय लिहिलंय ते आधी बघा. आम्ही आदल्या दिवशीचाच आकडा लिहायचो.

शेपटाकडचा

काका! बरं, चार अर्ज उद्या टाकतो. तीस दिवसांची मुदत आणि हरकतीला पंधरा, त्यामुळे हरकतीत 'आकडे मागवले आहेत, आल्यावर पुरवणी देऊ' अशी ओळ घालतो. वडिलांना वाचून दाखवलं. त्यांचं एकच म्हणणं, पट्ट्याचं त्यात घाल.