मॉरिशस वेगळंच सांगतं

ज्याची सत्ता त्याचीच भाषा टिकते, हे म्हणणं मला सरसकट पटत नाही. मॉरिशस बघा. इंग्रजांनी १८१० मध्ये ते बेट फ्रेंचांकडून घेतलं, १९६८ पर्यंत राज्य केलं, तरी तिथली प्रमुख वर्तमानपत्रं आजही फ्रेंचमध्येच निघतात. राज्यघटनेत देशाची अशी राजभाषाच नाही. कलम ४९ संसदेपुरतं आहे: भाषा इंग्रजी, पण सभापतींना उद्देशून फ्रेंचमध्येही बोलता येतं. बहुसंख्य लोक घरी बोलतात ती क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, त्यात नाहीच!

बाकीच्या भाषांचे मानापमान मात्र तीव्र. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली गेली, तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. तमिळांचा तो राग मला रास्तच वाटतो.

शाळेत मराठी, हिंदी, तमिळ कधीपासूनच शिकवतात; क्रेओल ऐच्छिक विषय झाली ती थेट २०१२ मध्ये. कोकणातून मजुरीला गेलेल्या आपल्या माणसांची पतवंडंही घरी बहुतेक क्रेओलच बोलतात, आणि गणिताचं पुस्तक हातात पडतं ते इंग्रजीतलं. नोटेवरच्या क्रमापेक्षा मला हे जास्त लागतं.